कोकणातून घाटावर आलेलं घराणं, त्यांचा वाडा आणि पेटीतले मोडी कागद

प्रश्न थोडक्यात असा: "आमचं घराणं मूळचं कोकणातलं. पेशव्यांबरोबर घाटावर आलो आणि वाईच्या बाजूला एका गावात वसलो, असं घरात सांगतात. वाडा तीनशे वर्षांचा आहे म्हणतात. गेल्या पावसाळ्यात मागच्या चौकाची भिंत पडली. ठेकेदार म्हणतो, सगळं उतरवून स्लॅब टाका, नाहीतर निदान सिमेंटचा गिलावा तरी करून घ्या. हिस्सेदार चौदा. पेटीत मोडी कागद आहेत, पण वाचता कुणालाच येत नाहीत. सुरुवात कुठून करावी?" सोबत बावीस फोटो.

सुरुवात भिंतीपासून करा. इतिहास इतकी वर्षं थांबलाय, अजून दोन महिने थांबेल. भिंत जिथे पडली तिथल्या तुळईचं एक टोक अधांतरी दिसतंय. त्याखाली आजच लाकडी टेकू द्या, टेकूखाली जाड फळी घाला म्हणजे तो मातीत रुतणार नाही. उघड्या पडलेल्या भिंतीच्या माथ्यावर ताडपत्री घाला आणि तिचं पाणी चौकाबाहेर काढा. पडलेले दगड उचलून नेऊ देऊ नका. घडीव दगड एकीकडे, भरावाचे दुसरीकडे, मातीचा ढीग तिसरीकडे. ही मातीसुद्धा पुन्हा वापरायची आहे. आणि जुन्या लाकडाचे व्यापारी आता फेऱ्या मारू लागतील. पडलेल्या भिंतीची बातमी त्यांना पोस्टमनच्या आधी कळते. एकही खांब विकू नका, "तसाही पडूनच आहे" असं कितीही वाटलं तरी.

आता तीनशे वर्षांकडे. गेली तीस वर्षं मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. "आमचा वाडा तीनशे वर्षांचा" हे वाक्य मी जितक्या घरांत ऐकलं, तितके वाडे तेव्हा बांधले गेले असते तर शेतीला जागा उरली नसती. हिशेब साधा आहे. शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं ते १७१३ साली. कोकणातली घराणी मोठ्या संख्येनं वर येऊ लागली ती त्यानंतर. आलेला माणूस लगेच चौसोपी वाडा बांधत नाही. पहिली पिढी चाकरी करते, भाड्यानं किंवा आश्रयानं राहते. दुसरीला कुठे मोकासा (गावाच्या महसुलातला वाटा), इनाम किंवा कमावीस (महसूलवसुलीचं काम) मिळते. वाडा बहुतेक वेळा तिसरी पिढी बांधते.

तुमच्या शेजारचंच उदाहरण घ्या. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटरवर मेणवली आहे. नाना फडणवीसांचं भानू घराणं वेळासचं, बाणकोटच्या खाडीजवळचं. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथांबरोबर वर आले. मेणवलीचं इनाम नातवाच्या हाती आलं ते १७६८ च्या सुमारास. कृष्णाकाठचा तो सहा चौकांचा वाडा, घाट, मेणेश्वराचं देऊळ हे सगळं त्यानंतरचं. म्हणजे राज्याची फडणिशी ज्या घरात होती, त्या घरालाही कोकण सोडल्यापासून आपला वाडा उभा करायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला. तुमचे पूर्वज त्यांच्यापेक्षा घाईत होते असं मानायला कारण नाही. (मेणवलीला जाऊन याच. घाटावर वसईच्या चर्चची घंटा टांगलेली आहे, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली. पण तुम्ही मात्र घंटा बघून परत फिरू नका, वाड्याच्या भिंतीचे दगड कसे बसवलेत ते बघा.)

तुमच्या फोटोंतून मला जे दिसतं ते सांगतो. तुमचा वाडा एक नाही, किमान दोन आहेत. मागचा चौक जुना: दगडी तळखड्यावर (बैठकीच्या दगडावर) उभे सागवानी खांब, वरच्या टोकाला कोरीव केळफूल, तुळईला आधार देणारे नक्षीचे हस्त, कडीपाटाचं (कड्यांवर फळ्या टाकलेलं) छत, खुज्या दारांचे जाड उंबरे. पुढची माडी मात्र वेगळीच भाषा बोलते. खांब साधे, चौकोनी, कठडा ओतीव लोखंडाचा, छपरावर मंगळुरी कौलं. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. तेव्हा ते छप्पर त्याच्या आधीचं असूच शकत नाही. एक कौल काढून उलटं करा, कारखान्याचं नाव बहुधा उठवलेलं सापडेल. पण यावरून पूर्ण माडीच नंतरची, असा निष्कर्ष लगेच काढू नका. कौलं बदलता येतात. माडीवर चढून वासे तपासा. जुन्या नळीच्या कौलांसाठी रिपांचं (वाशांवरच्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर वेगळं असतं. वाशांवर आज वापरात नसलेल्या खिळ्यांची भोकं ओळीनं दिसली, तर वासे जुने आणि कौलं नवी. भोकं नसली, तर अख्खी माडी इंग्रजी अमदानीतली. माझा अंदाज दुसऱ्या बाजूला झुकतो, कारण कठड्याचे खांब आणि छताचे खांब एका रेषेत आहेत, एकदमच उभारल्यासारखे.

आणि फोटो क्रमांक सतरा. माजघरातून मागच्या पडवीकडे जाणारं दार विटांनी बुजवलेलं आहे. त्या विटा वाड्यातल्या पातळ विटांसारख्या नाहीत, जाड आहेत. याकडे शेवटी येतो.

घराण्याचा माग काढताना आडनावावर फार भिस्त ठेवू नका. वाईचे रास्ते मूळचे गोखले. इचलकरंजीचे घोरपडे मूळचे जोशी. नारो महादेवांनी संताजी घोरपड्यांच्या उपकाराची आठवण म्हणून धन्याचं आडनाव घेतलं. फडणीस, चिटणीस, दीक्षित, वैद्य ही तर कामावरून पडलेली नावं, एकाच गावात तीन वेगळ्या कुळांची असू शकतात. त्यापेक्षा गोत्र आणि कुलदैवत जास्त टिकतं. घाटावर येऊन दोनशे वर्षं झाली तरी लोक गुहागरच्या व्याडेश्वराला किंवा हरिहरेश्वराला नैवेद्य पाठवत राहतात. तुमच्या घरातल्या जुन्या कीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) दरवर्षी कोकणातल्या एखाद्या देवाला वर्षासन (ठरलेली वार्षिक रक्कम) गेल्याची नोंद असेल तर मूळ गाव तिथून पंचक्रोशीत शोधा. तुमच्या आडनावाचा कुलवृत्तांत (घराण्याच्या वंशावळींचं पुस्तक) छापलेला असेल तर जरूर घ्या, पण तो वाचायची एक रीत आहे. अलीकडच्या सहा-सात पिढ्या सहसा पक्क्या असतात. वर मूळ पुरुषापर्यंत जाणारी शिडी बऱ्याचदा एकाच नावाच्या दोन माणसांना एक करून लावलेली असते. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धत वंशावळ बनवणाऱ्याला हमखास चकवते.

त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा दुसरा आधार. तिथे तुमचं आजचं गाव आणि कोकणातलं गाव, दोन्ही सांगून विचारा. ज्या वर्षी यात्रेकरू येई त्या वर्षी त्याच्याकडून बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव लिहवून घेत, बहुधा त्याच्याच हातानं. ही नोंद घराण्याची थोरवी सांगण्यासाठी केलेली नसते, म्हणून ती विश्वासाची.

पेटी. ती उघडलीत, फोटोही काढलेत, इथवर ठीक. आता पुन्हा बांधा आणि आहे त्याच क्रमानं बांधा. मोडी कागदांच्या गड्ड्या कुणीतरी कधीतरी विचार करून बांधलेल्या असतात. खरेदीखतं एका रुमालात, कीर्द दुसऱ्यात, वाटणीचे तंटे तिसऱ्यात. चांगल्या हेतूनं "आकारानुसार" लावून ठेवलेली दप्तरं मी पाहिली आहेत, त्यातून पुन्हा अर्थ लावायला दुप्पट वेळ लागतो. लॅमिनेशन अजिबात नको, चिकटपट्टीही नको. सुती कापड, कोरडी जागा, आणि प्रत्येक कागदाचा पाठपोट फोटो. पाठीवर कुणाकडून आला, केव्हा आला याच्या नोंदी असतात.

मोडी वाचणारे मिळतात, शिकवणारे वर्गही पुण्या-मुंबईत चालतात. पण वाचक मिळण्याआधी तुम्हाला एक गोष्ट कळायलाच हवी, ती म्हणजे कागदावरचं साल. फोटो क्रमांक नऊमध्ये जे खरेदीखत आहे, त्यावर कुणीतरी पेन्सिलीनं "इ.स. ११७८?" असं लिहिलंय. प्रश्नचिन्ह टाकलं हे बरं केलं. मूळ शब्द आहेत "सन समान सबैन मया व अलफ". हे अरबी आकडे: आठ, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे शुहूर सन ११७८, तेव्हाच्या कागदांवरची अरबी शब्दांतली कालगणना. शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. जून ते डिसेंबरच्या तारखेसाठी ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हा कागद १७७७-७८ चा, सवाई माधवरावांच्या लहानपणचा. शक लिहिला असेल तर ७८ मिळवा. फसली (महसुली कालगणना) असेल तर ५९०. शुहूर आणि फसली यांत नऊ वर्षांचा फरक पडतो, आणि कागदावर नुसतं "सन" लिहिलेलं असलं की इथेच माणसं आपटतात.

त्या खरेदीखतातल्या ज्या दोन ओळी मला फोटोत लागल्या, त्यात "घर खण पाच" असं आहे. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. घराचं माप तेव्हा फुटात नाही, खणात सांगत. तुमच्या मागच्या चौकाच्या पूर्वेकडचा सोपा (चौकाकडे उघडी ओसरी) मोजा. फोटोत मला सहा खांब दिसतात, म्हणजे खण पाच. जुळलं तर तुमच्या पूर्वजानं १७७७-७८ मध्ये वाडा बांधलाच नाही, कुणाचं तरी आधीचं पाच खणी घर विकत घेतलं आणि त्याभोवती चौक वाढवला, अशी शक्यता उभी राहते. मला तरी ही गोष्ट तीनशे वर्षांच्या आख्यायिकेपेक्षा जास्त मोलाची वाटते.

मग प्रश्न येतो: विकणारा कोण होता? वसाहत करणाऱ्या घराण्यांच्या इतिहासात हा भाग नेहमी गाळला जातो. तुमचे पूर्वज आले तेव्हा गावची पांढरी (वस्तीची जागा) वसलेली होती. पाटील होता, कुळकर्णी होता, बलुतेदार होते, पिढीजात हक्काचे मिरासदार होते. बाहेरून आलेला तो उपरी. पुण्याच्या दरबारात कितीही वजन असलं तरी गावात तो उपरीच. त्याला जागा मिळाली ती विकत, इनामात, किंवा कर्जाच्या फेडीत, आणि अशा व्यवहाराला गोतसभेसमोर (गावातल्या वतनदार-बलुतेदारांच्या सभेसमोर) महजर, म्हणजे साक्षींसह निवाड्याचा कागद, होत असे. अशा कागदांखाली पाटलाच्या नांगराची निशाणी असते, कुणब्याच्याही असतात, सुताराच्या किकऱ्याची (पटाशीची), लोहाराच्या हातोड्याची. ज्यांनी वाडा बांधला त्यांची ही एवढीच सही आपल्यापर्यंत पोहोचते. कीर्दीत "सुतार असामी" आणि त्यांच्या मजुरीच्या नोंदी सापडल्या तर त्या सगळ्यात आधी उतरवून घ्या. घराण्याच्या वंशावळीइतकीच ती वाड्याची वंशावळ आहे.

घरातले कागद अपुरे पडले तर पुणे पुराभिलेखागार. पेशवे दप्तर तिथे आहे. रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड छापले, तरी ते आभाळातून ओंजळभर. तुमच्या कामाचा भाग मात्र पेशवाई बुडाल्यानंतरचा आहे. इंग्रजांनी १८५२ च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ दिलं आणि प्रत्येक इनामदाराला विचारलं: जमीन कुणी दिली, कधी दिली, तेव्हापासून वारस कोण? मग लोकांनी कैफियती (आपलं लेखी म्हणणं) लिहून दिल्या, सनदांच्या नकला जोडल्या, वंशावळी सादर केल्या. जमीन जाईल या भीतीनं लिहिलेल्या या वंशावळी कुलवृत्तांतापेक्षा काटेकोर असतात, अर्थात जमिनीसाठी खोटा दत्तक घुसवलेलाही सापडतो. तुमचं गाव सातारच्या राज्यातलं, आणि ते राज्य १८४८ पर्यंत टिकलं. त्यामुळे १८१८ नंतरची तीस वर्षं पुण्यात कागद नाही म्हणून निराश होऊ नका, सातारच्या छत्रपतींच्या कारभाराचे कागद वेगळे मागा. तहसील कचेरीत जुने फेरफार आणि कडईपत्रक (जमिनीचं जुनं नोंदपत्रक), भूमी अभिलेखात टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा), ग्रामपंचायतीत आठ नंबरचा उतारा (घरांच्या आकारणीचा). हे सगळं कंटाळवाणं आहे, पण आठ नंबरात वाड्याची आकारणी कोणत्या साली दोन घरांची झाली हे कळलं, की वाटणीचं साल हाती येतं.

एका गोष्टीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोत ती दिसते. पुढच्या चौकातल्या दोन तुळयांची कड जळालेली आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत असं लाकूड दिसलं की मी घरातल्या वडीलधाऱ्यांना हळूच १९४८ बद्दल विचारतो. गांधीहत्येनंतर या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, दप्तरंही त्यात गेली, आणि बरीच कुटुंबं पुण्या-मुंबईला निघून गेली. त्याच वर्षी कूळकायदा आला. मग कुळकर्णी वतनं गेली, इनामं गेली. १९५७ पर्यंत वाड्याला पोसणारी जमीन बहुतेक घरांच्या हातून गेली होती, आणि जी कसत होती त्या कुळांच्या नावावर लागली होती. वाडे ढासळायला सुरुवात झाली ती तेव्हापासून. तुमच्या घरात ते जळणं दिव्यानं झालं असेल, चुलीनं झालं असेल. पण विचारा. आणि गावातल्या ज्या घरांनी तेव्हा तुमची पेटी लपवून ठेवली किंवा ज्यांच्याकडे आज तुमची जुनी जमीन आहे, त्यांच्याशीही बोला. त्यांच्याकडे तुमच्या घराण्याची जी आठवण आहे ती तुमच्यापेक्षा वेगळी असेल. दोन्ही लिहून ठेवा.

आता सिमेंट. मी त्याच्या इतका विरोधात का, ते सांगतो. तुमची भिंत एकसंध नाही. बाहेरून घडीव दगडाचं एक तोंड, आतून दुसरं, मधे माती आणि डबराचा भराव. काही लांब दगड आरपार घालून दोन्ही तोंडं बांधलेली. अशी भिंत पाणी पिते आणि परत सोडते, चुन्याच्या दरजा त्याला वाट देतात. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की पाणी जोत्यातून आणि छपरातून आत येतं, बाहेर मात्र पडत नाही. भराव फुगतो, तोंडं एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट सुटतं. मग एका आषाढात ती बसते. तुमच्या फोटो क्रमांक तीनमध्ये पडलेल्या भिंतीच्या शिल्लक तुकड्यावर हाताएवढा सिमेंटचा पापुद्रा लोंबतोय. आधीच्या दुरुस्तीतच या पडझडीची सोय झाली होती. भिंतीत घुसलेल्या तुळईच्या टोकांचं तेच होतं. वरून ठणठणीत, आत पीठ. प्रत्येक टोकापाशी पेचकस टोचून बघा, किती खोल जातो ते लिहा. टोक कुजलं म्हणून पूर्ण तुळई बदलायची नसते. तेवढं कापून त्याच जातीच्या जुन्या सागाचा जोड देता येतो.

एकदा एका घरी मला फार उशिरा बोलावलं. ठेकेदारानं जुन्या भिंतींवर स्लॅब टाकला होता. भिंती तो भार आयुष्यात कधी वाहत नव्हत्या, वाहत होते ते खांब, आणि खांब त्यानं आधीच काढून विकले होते. तुमच्या भागात ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात दगडी भिंती कोसळल्या, पण आतला लाकडी सांगाडा उभा राहिला, अशी घरं मी पाहिली आहेत. त्या सांगाड्यावर विश्वास ठेवा.

चुना मागवाल तेव्हा पिशवीतली पांढरी पूड घेऊन वाळूत कालवू नका. कळीचा चुना पाण्यात विझवून निदान तीन आठवडे भिजत ठेवा, वर पाणी राहू द्या. गूळ, बेलफळाचं पाणी, ताग यांची प्रमाणं जो तो गवंडी वेगळी सांगेल. आपली वाळू, आपलं पाणी घेऊन चार नमुने भिंतीच्या मागच्या बाजूला लावा, एक पावसाळा जाऊ द्या, मग ठरवा. खांबांना ऑइलपेंट नको, असलेला हळूहळू उतरवा आणि जवसाचं तेल द्या. आणि या सगळ्याच्या आधी पन्हळी. तुमच्या वळचणीचं पाणी सरळ जोत्याच्या पायाशी पडतंय. तिथे उतार काढलात तर अर्धी ओल पहिल्याच वर्षी कमी होईल. खर्चही सगळ्यात कमी.

चौदा हिस्सेदारांचं काम वकिलाचं आहे, माझं नाही. दोनच गोष्टी. महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीत हक्क आहे, त्यामुळे चौदा हा आकडा कदाचित वीसच्या पुढे जाईल. सगळ्यांची नावं आधी लिहा. दुसरं, गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन सनदा वाटल्या गेल्या असतील तर वाड्याच्या सनदेवर कुणाचं नाव लागलंय ते तातडीनं पाहा. खेड्यातला असा वाडा बहुधा कुठल्याच वारसा-यादीत नसतो. म्हणजे तुम्हाला अडवणारा कुणी नाही, आणि वाचवणाराही.

राहिलं ते बुजवलेलं दार. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की सत्त्याऐंशी वर्षांच्या आत्या अजून त्याच वाड्यात, मागच्या चौकात राहतात. त्या लहान असताना माजघरातून पडवीत त्या दारानं जात होत्या का, ते विचारा. जात असतील, तर ते कुणी आणि कोणत्या भांडणानंतर बुजवलं. फोनवर नका विचारू. दाराजवळ पाट मांडून बसवा, रेकॉर्डर चालू ठेवा आणि मधे बोलू नका. भिंत पाडायची की नाही, त्या दाराचं काय करायचं, हे मी त्यांचं ऐकल्यावर सांगेन.